बाप्तिस्मा घेतलाय. आता घरात, गावात बोलायचं कसं? (दापोली तालुका)

इंजिनवाला | १८ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसते डिझेल पंपांचे आणि पावसाचे धागे वाचत आलो, आज पहिल्यांदा स्वतः काढतोय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

हर्णै बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. गाव खाडीपलीकडे, नाव नको. घरी आई, थोरला भाऊ, वहिनी, माझी बायको आणि सात वर्षांची मुलगी. डिसेंबरात मी बाप्तिस्मा घेतला. बायकोला पहिल्यापासून माहीत होतं. तिने घेतलेला नाही, तिची देवपूजा चालू आहे आणि मी त्यात पडत नाही. आईला आणि भावाला मात्र सांगितलं नव्हतं.

ते शिमग्यात फुटलं. आमच्या घराण्याला पालखीला खांदा द्यायचा मान आहे. वडील गेल्यापासून भाऊ पुढे, मी मागे. यंदा पालखी निघायच्या वेळी भावाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, मी खांदा देत नाही. त्याला वाटलं पाठ धरली. म्हणाला, बाम लावून ये. ढोल असा वाजत होता की मला ओरडून सांगावं लागलं, ‘पाठ नाही दादा, मी ख्रिस्ती झालोय.’ त्याने कानाला हात लावून ‘काय?’ विचारलं. मी आणखी जोरात ओरडलो आणि नेमका तेव्हाच ढोल थांबला.

अख्ख्या वाडीने ऐकलं.

भाऊ काही न बोलता गेला आणि चुलतभावाला खांद्याला घेतलं. आई त्या रात्री जेवली नाही. काका तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. बंदरावर मला नाव पडलंय ‘पत्रेवाला’. ते का, तेही सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या पट्ट्यात सुपारीच्या बागा काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या. शहरातून एका ख्रिस्ती मंडळीची सात-आठ पोरं पत्रे आणि ताडपत्र्या घेऊन आली. बारा दिवस राहिली, छपरं शाकारली. मी त्यांना हत्यारं पुरवत होतो. जाताना मीच एकाला विचारलं की तुम्ही ते पुस्तक-बिस्तक वाटत नाही का. तो म्हणाला, माणसाचं छप्पर उडालेलं असताना त्याच्या हातात पुस्तक दिलं तर तो ते छप्पर म्हणूनच घेणार. ते डोक्यात बसलं. पुढे मीच फोन करून मागितलं आणि मोबाइलवर लूकचं शुभवर्तमान वाचायला लागलो. पाचव्या अध्यायात पेत्र नावाचा कोळी येशूला सांगतो की रात्रभर राबलो, हाताला काही लागलं नाही. हे वाक्य मी बंदरावर रोज सकाळी ऐकतो! तिथून जे धरलं ते साडेचार वर्षं सोडलं नाही. मग बाप्तिस्मा.

आणि हो, आमच्या घराला मंगलोरी कौलं आहेत. मला एकही पत्रा मिळालेला नाही.

आता प्रश्न. दापोलीत रविवारी एका घरी आम्ही आठ-दहा जण जमतो. तिथले वडीलधारे म्हणतात साक्ष दे, चार जणांना सांग, दिवा लावून मापाखाली ठेवतात का? इकडे गावात तोंड उघडायची सोय नाही. गप्प बसलो तर लबाडी वाटते, बोललो तर बाटवायला आला म्हणतील. तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का?

---

सुपारीचं खांड | १८ मार्च, रात्री ११:१५

स्पष्ट लिहितो, राग नसावा. तुझ्या देव्हाऱ्यात काय कमी होतं? ज्या ग्रामदेवतेने तुझ्या सात पिढ्या सांभाळल्या तिला खांदा द्यायला लाज वाटली? आणि ‘चार जणांना सांग’ हेच तर आम्ही म्हणतो. तुमच्या येशूने कोळ्यांना सांगितलंच आहे की तुम्हाला माणसं धरणारे करीन. म्हणजे आम्ही मासळी. हर्णैचा लिलाव बघितलाय ना? तसा भाव ठरतो माणसांचा.

---

मंडणगडकर | १८ मार्च, रात्री ११:५२

खांडसाहेब, सात पिढ्यांचा हिशेब सगळ्यांचा सारखा नसतो. तुमच्या सात पिढ्या पालखी उचलत होत्या, आमच्या सात पिढ्या ती लांबून बघत होत्या. आमच्याच तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. त्यांनी १९३५ ला येवल्यात धर्म सोडणार असं जाहीर केलं आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली एकवीस वर्षं ते वाचत होते, तपासत होते. धर्म हा जन्माला चिकटलेला डाग नाही, निवडायची गोष्ट आहे, हे आम्हाला घरातच शिकवलं जातं.

आता तुम्ही म्हणता त्या माणसांच्या भावाचं बोलूच. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदूंना आहे, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्याला नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या बापाने बाप्तिस्मा घेतला आणि पोराची शिष्यवृत्ती गेली. त्याला गावात विचारायचे ‘किती मिळाले रे?’ एकदा ‘किती गेले?’ असंही विचारून बघा.

इंजिनवाले, तुमची श्रद्धा मला पटते असं नाही. मी बुद्धाकडे आहे. पण तुम्ही साडेचार वर्षं घेतलीत, ते मला पटलं.

---

वसईची मावशी | १९ मार्च, सकाळी ७:०५

बाळा, वाचून पोटात कालवलं. आम्ही जन्माचे ख्रिस्ती, पोर्तुगीज काळातले. चिमाजी आप्पांनी १७३९ ला वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण आम्ही राहिलो. आमची वाडी, आमची केळी, आमची बोली, सगळं इथलंच. लग्नात अजूनही पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातो. तरी आगगाडीत कोणीतरी विचारतंच, ‘तुम्ही इतकं चांगलं मराठी कसं बोलता?’ आमच्यातल्याच फादर दिब्रिटोंना मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हाही हाच प्रश्न नव्याने ऐकला. उत्तर देऊन देऊन थकले.

तुझ्या प्रश्नाबद्दल म्हणशील तर आम्ही ‘सांगण्या’च्या बाबतीत आळशी. धर्म घरात मिळाला, कोणाला काय सांगणार? प्रौढ माणूस बाप्तिस्मा मागायला आला तर आमचे फादर त्याला थांबवतात. काही महिने, कुठे कुठे वर्षभर शिकवण, मंडळींपुढे नाव घेणं, आणि मग पुनरुत्थान सणाच्या आदल्या रात्री, शनिवारी, मेणबत्त्यांच्या उजेडात बाप्तिस्मा. गेल्या वर्षी आमच्याकडे एका चाळिशीच्या बाईंनी घेतला. पाणी ओतताना त्यांचा नवरा, तो हिंदूच आहे, मागच्या बाकावर पर्स सांभाळत बसला होता. मला फादरच्या प्रवचनातलं काही आठवत नाही, ती पर्स आठवते.

१९६५ च्या व्हॅटिकन परिषदेने तर लिहूनच ठेवलंय की कोणाला जबरदस्तीने किंवा आमिषाने श्रद्धेकडे ओढायचं नाही. तेव्हा घाई तुझ्यावर कोणी लादू नये. तुझ्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीसुद्धा.

आईला फोन कर. रोज कर. धर्माचं नको, भाजीचं बोल.

---

इंजिनवाला | १९ मार्च, सकाळी ८:३०

मावशी, मी घरीच राहतो हो. आई स्वयंपाकघरात आणि मी ओटीवर. फोन लावला तर इथूनच रिंग ऐकू येईल. :)

खांड, लाज नाही वाटली. वडिलांबरोबर खांदा दिला त्याचा अभिमान आजही आहे. पण आता मी ज्याला देव मानतो तो एकच, आणि मनात एक ठेवून खांद्यावर दुसरं घेणं हा मला देवीचाही अपमान वाटला. तू म्हणशील पळवाट. असेल. आणि मासळीचं म्हणशील तर मी मासे धरतच नाही. ज्यांच्या बोटी बंद पडतात त्यांची इंजिनं चालू करतो.

---

मालवणी खाजा | १९ मार्च, सकाळी ९:१०

आमच्या वाडयेत ख्रिश्चनांची सात घरां. रस्त्याच्या वळणार खुरीस (क्रूस) आसा. थय लादीन (प्रार्थना) असता तेव्हा मेणवाती लावणाऱ्यांत निम्मे हिंदू. ते गणपतीक आमच्याकडे येतत, आमी नाताळाक तेंच्याकडे नेवऱ्यो खावक जातंव. पण खरा सांगू? तुमचो देव काय सांगता म्हणान तेंका आजपर्यंत कोणी इचारूक नाय. आणि तेनीय कधी सांगूक नाय. शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचो, गजाली मात्र सगळ्यो माशांच्यो.

ह्या बरा की वायट, माका कळणा नाय. भांडण नाय हा, ह्या मात्र खरा.

---

अभंगवेडी | १९ मार्च, दुपारी १:२०

इंजिनवाले, तुमच्याच जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली एक मुलगा जन्मला, नारायण वामन टिळक. चित्पावन ब्राह्मण. १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हातात नवा करार दिला. दोन वर्षं मनाची ओढाताण, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा. मी स्वतः हिंदू, मराठी शिकवते, आणि टिळकांचे अभंग वर्गात चालीवर म्हणून दाखवते. ख्रिस्ताविषयी बोलायचं तर तुकोबांच्या वळणाने, हे त्यांनी करून दाखवलं. ‘तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो’ अशा अर्थाचं ते सांगत. मला हा ‘सांगण्याचा’ सर्वांत सुंदर नमुना वाटतो. लेखी पुरावा हवा असेल तर त्याच्याही आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रजाने गोव्यात ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचून छापलं. बाहेरून आला आणि पहिल्यांदा भाषा शिकला.

---

बाणकोटचा | १९ मार्च, दुपारी ३:००

अभंगवेडी यांना +१, आणि थोडी स्थानिक भर. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली पहिल्यांदा उतरले ते आमच्या बाणकोटला. मग हर्णै. पुढे मुंबईत कॉलेज काढणारे जॉन विल्सन १८२९ ला आले तेव्हा मराठी शिकायला इकडेच राहिले होते. त्यांनी शाळा काढल्या, पुस्तकं छापली, बाजारात उभं राहून वादविवाद केले. आणि आज बाणकोटात त्यांच्या हातचे ख्रिस्ती शोधून दाखवा! मिशन मुंबई-पुण्याला हललं. उरल्या त्या शाळा. दापोलीच्या मिशन शाळेत साने गुरुजी शिकले, आणि त्यांना कोणी बाटवलं नाही.

म्हणजे बाजारात उभं राहून ओरडण्याचा प्रयोग तुमच्याच बंदरावर दोनशे वर्षांपूर्वी झालेला आहे.

---

उंबरठा | १९ मार्च, दुपारी ४:४५

टिळकांचं कौतुक मलाही आहे, पण एक बाजू राहते. लक्ष्मीबाईंना नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी कळली तेव्हा त्यांची काय अवस्था झाली ते त्यांनी स्मृतिचित्रांत लिहून ठेवलंय. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या वाटेने चालत जाऊन. मधली वर्षं त्यांच्या वाट्याला काय आलं ते कोणत्याच अभंगात नाही.

इंजिनवाले, तुम्ही आई लिहिलीत, भाऊ लिहिला, काका लिहिला. बायकोबद्दल दोन ओळी. तिला वाडीत काय ऐकावं लागतं? हळदीकुंकवाला बोलावतात का? नळावर बायका काय म्हणतात? ‘मी त्यात पडत नाही’ हे तुम्हाला मोठेपण वाटतं. ती कदाचित एकटी पडली असेल.

---

इंजिनवाला | १९ मार्च, रात्री ९:५०

उंबरठा, तुमची पोस्ट तिला वाचायला दिली. वाचली, मोबाइल परत दिला आणि म्हणाली, ‘ह्या बाईंना माझा नमस्कार सांगा.’ मग बऱ्याच वेळाने म्हणाली की चैत्रातल्या हळदीकुंकवाची यादी वहिनीने केली आणि तिच्यापुढे नावं वाचताना तिचं नाव गाळून वाचलं. कागदावर होतं, पण वाचलं नाही. हे तिने मला सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

आज एवढंच.

---

परत फिरलेला | २० मार्च, रात्री १२:३०

मी सहा वर्षं एका प्रार्थनागटात होतो. नाव लिहीत नाही, गाव लिहीत नाही. साक्ष द्या, साक्ष द्या, दर आठवड्याला मोजदाद. तू किती आत्मे आणलेस? माझ्या वडिलांना रक्तदाब. गटप्रमुख म्हणाला, गोळ्या म्हणजे अविश्वास. वडिलांनी नाही, पण मी ऐकलं, आणि गोळ्या आणणं बंद केलं. अकराव्या दिवशी पक्षाघात. आज ते डाव्या हाताने जेवतात.

येशूवर माझा राग नाही. अजूनही रात्री कधी प्रार्थना करतो, सवयीने म्हणा. पण कोणी ‘सांग’ म्हणून मागे लागला तर मी दोन गोष्टी बघतो. तो नकार ऐकून घेतो का, आणि डॉक्टरकडे जाऊ देतो का.

---

वकीलकाका | २० मार्च, सकाळी १०:१५

परत फिरलेला, वाईट वाटलं. माहितीसाठी सांगतो, रक्तदाब, मधुमेह असे आजार चमत्काराने बरे करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे. मग तो पास्टर असो, बुवा असो की मौलवी.

आता इंजिनवाल्यासाठी कामाचं. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म मानणं, आचरणं आणि त्याचा प्रचार करणं हे तिन्ही हक्क आहेत, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. पण १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. आपल्या श्रद्धेची तत्त्वं समजावून सांगता येतात. जबरदस्ती, फसवणूक, आमिष आलं की राज्याला कायदा करता येतो. तेव्हा सांगताना खिशात पैशाचं पाकीट, गोळ्यांची पुडी आणि नोकरीचं आश्वासन यांपैकी काहीही असू नये.

बागेचा हिस्सा. हे कोकणात आधी विचारायला हवं, तू विचारलं नाहीस याचं नवल वाटलं. धर्म बदलला म्हणून तुझा वडिलोपार्जित वाटा जात नाही. सातबाऱ्यावरचं नाव कोणी खोडू शकत नाही. मात्र हिंदू वारसा कायद्याचं २६ वं कलम लक्षात ठेव. धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही, वारसा उघडेल त्या वेळी ती हिंदू असल्याशिवाय. तुझी मुलगी आधीची, तिला ते लागू नाही. आणि जोडीदाराने धर्म बदलला तर हिंदू विवाह कायद्यात ते घटस्फोटाचं कारण धरलेलं आहे. ते बायकोला माहीत असू दे, लपवू नकोस.

वाडीने पाणी, दुकान, मर्तिक बंद केलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. देशात असा खास कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं, आणि त्यामागे आपल्या रायगड-रत्नागिरीतल्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांचा मोठा वाटा होता. पण पोलिसात जायच्या आधी गावकीत बसून बोल. कायदा शेवटचा पाना. इंजिनवाल्याला वेगळं सांगायला नको, आधी हाताने सैल होतंय का बघायचं.

---

सुपारीचं खांड | २० मार्च, सकाळी ११:००

वकीलकाका, माहिती बरोबर. माझा मुद्दा तरी उरतोच. प्रत्येक जण ‘मी आमिष देत नाही’ म्हणतो. मरणानंतर नरकात जाशील हे सांगणं आमिष नाही तर काय, धमकी?

---

इंजिनवाला | २० मार्च, दुपारी २:१०

खांड, हा प्रश्न चांगला आहे. मलाही तो सतावतो. आमच्या रविवारच्या घरी एक जण त्या भाषेत बोलायचा, तेव्हा माझी मान खाली जायची. माझे वडील २०१७ ला गेले. त्यांनी येशूचं नाव फार तर कॅलेंडरावर पाहिलं असेल. त्यांचं काय झालं हे मला कोणी ठामपणे सांगायला लागला की मी उठून चहा टाकतो. तो न्याय माझ्याकडे दिलेला नाही. ज्याच्याकडे आहे तो माझ्यापेक्षा दयाळू आहे, एवढ्यावर माझी झोप लागते.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात आहे की तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने आणि आदराने. कोणी विचारलं तर. हे शब्द मी काल चार वेळा वाचले.

---

नांगर | २१ मार्च, पहाटे ५:२०

इंजिनवाल्या, ओळखलं तुला. घाबरू नको. गेल्या सप्टेंबरात आमच्या बोटीचा वॉटर पंप रात्री दोनला येऊन बसवलास तो मी. बॅटरी मी धरली होती. पैसे विचारले तर म्हणालास मासळी लागली की दे.

‘पत्रेवाला’ म्हणणाऱ्यांत मीही होतो. दोनदा-तीनदा म्हटलं असेल. लोक हसले म्हणून म्हटलं.

धर्मातलं मला कळत नाही आणि आमचा देव मी सोडणार नाही. पण त्या रात्री तू इंजिनाखाली पडून काहीतरी पुटपुटत होतास, मला वाटलं शिव्या देतोस. आता कळलं. काय म्हणत होतास ते बंदरावर भेटलास की सांग. चहा माझ्याकडून.

---

धागापाल | २१ मार्च, सकाळी ९:००

दोन प्रतिसाद उडवले आहेत. एकात जातीवरून शिवी होती, दुसऱ्यात एका संस्थेचा खाते क्रमांक. दोन्हींना इथे जागा नाही. बाकी चर्चा चालू द्या.

---

मावळतीचा वारा | २३ मार्च, संध्याकाळी ६:४०

एक व्यवहारी शंका. गणपतीत प्रसादाचं काय करणार? आमच्या ऑफिसात एक ख्रिस्ती सहकारी प्रसाद हातात घेते आणि टेबलावर ठेवते. दुसरा खातो. नियम काय आहे?

---

वसईची मावशी | २३ मार्च, रात्री ८:१५

नियमापेक्षा वाद जुना आहे गं. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तीला वाहिलेल्या अन्नावर अध्यायच्या अध्याय आहेत. त्याचं सार असं की मूर्ती काही नाही म्हणून अन्नाने बिघडत नाही, पण तुझ्या खाण्याने दुर्बळ मनाच्या भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नको. आता ठेच कोणाला लागते हे ज्याने त्याने ओळखायचं. कोकणात बहुतेक वेळा आईलाच लागते.

---

इंजिनवाला | २ सप्टेंबर, रात्री ११:२५

धागा वर काढतोय, क्षमस्व. मधे पावसाळा, बंदीच्या दोन महिन्यांत इंजिनं खोलायची घाई, नारळी पौर्णिमेनंतर बोटी पाण्यात. लिहायला फुरसत नव्हती. बरीच जणं व्यनित विचारत होती.

नांगरबरोबर चहा झाला. काय पुटपुटत होतो ते सांगितलं. ‘प्रभू, हा बोल्ट सुटू दे’ एवढंच होतं. तो इतका हसला की शेजारची बोट वळून बघायला लागली. पुढे त्याने आणखी दोन गोष्टी विचारल्या, मी उत्तरं दिली. त्या दोघांत राहू देत.

रविवारच्या घरी मी सांगून टाकलं की मोजदाद करणार नाही. एक कुटुंब नाराज होऊन दुसरीकडे जायला लागलं. भाऊ बोलतो, कामापुरतं. काका नाहीत बोलत. वहिनीने श्रावणातल्या यादीत बायकोचं नाव वाचलं. ही बातमी मला बायकोने स्वतःहून दिली.

आता खरं सांगायचं ते. चतुर्थीच्या आदल्या रात्री आई खवणीवर नारळ खवत बसली होती. वहिनी दमून झोपलेली. मी नारळ सोलून, फोडून देत होतो. मार्चपासून आई माझ्याशी बोलत होती, पण ‘जेवलास का’, ‘छत्री ने’ याच्या पलीकडे नाही. सहावा की सातवा नारळ असेल. खवणं न थांबवता म्हणाली, ‘तो तुझा येशू. त्याला आई होती ना?’

म्हटलं, होती.

‘त्यानं तिला विचारलं होतं का हे सगळं करायच्या आधी?’

काय सांगू? मी बारा वर्षांच्या येशूची गोष्ट सांगितली. सणाला यरुशलेमला गेले, परतताना हा मागे मंदिरात पंडितांशी बोलत बसला, आईबापांना वाटलं सोबतच्या लोकांत असेल, एक दिवसाची वाट चालून गेल्यावर कळलं पोरगा नाही. मग परत फिरले आणि तिसऱ्या दिवशी सापडला.

आईचा हात थांबला. ‘तीन दिवस?’

‘तीन दिवस.’

‘मग थोबाडीत नाही दिली?’

म्हटलं, तसं लिहिलेलं नाही. तिने विचारलं, बाळा आमच्याशी असं का वागलास, आम्ही जीव टांगणीला लावून शोधत होतो. आई बराच वेळ खवत राहिली. मग म्हणाली, ‘बरोबर विचारलं तिनं.’ आणि पुढचा नारळ मागितला.

एवढंच. मी त्यात काही जोडलं नाही, तिनेही पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आरती चालू असताना मी ओटीवर बसलो होतो, मुलगी आत झांजा वाजवत होती. प्रसादाचं काय करायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. मावशींचं वाचून, आईने हातावर ठेवला तर खायचा असंच ठरवलं होतं. आरती संपल्यावर आई बाहेर आली. हातात माझा शाळेतला जुना पितळी डबा. त्यात पाच मोदक, वर केळीच्या पानाचा तुकडा. म्हणाली, ‘हे नैवेद्याच्या आधी काढून ठेवलेत. दाखवलेले नाहीत.’ आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहिली.

---

उंबरठा | २ सप्टेंबर, रात्री ११:५८

वाचलं. तिला माझाही नमस्कार सांगा. दोघींना.

---

सुपारीचं खांड | ३ सप्टेंबर, सकाळी ८:०५

माझं मत बदललेलं नाही. पण तुझी आई भारी आहे.

अवांतर: उकड फाटत नाही ती कशी? आमच्याकडे दरवर्षी निम्मे मोदक वाफेवर उलतात. पिठी कुठली वापरता?

---

इंजिनवाला | ३ सप्टेंबर, सकाळी ८:४०

आंबेमोहोर, धुऊन सावलीत वाळवून दळलेली. पिठी जितकी वाट्या तितकंच पाणी, त्यात चमचाभर तूप आणि मीठ, आणि उकड गरम असतानाच मळायची, हात भाजला तरी.

आई शेजारीच बसलीय. विचारतेय, कोण विचारतंय?